फेडोरा कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायचंय? आधी एक काम ठरवा

प्रश्न : मी चिंचवडला राहते, खासगी कंपनीत टेस्टिंगचं काम करते. गेली काही वर्षं फेडोरा लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा मराठी अनुवाद आणि नवी आवृत्ती येण्याआधीच्या चाचण्या यांत जमेल तसा वेळ देते. मागच्या महिन्यात दोन जुन्या सहकाऱ्यांनी सुचवलं, की या वेळी फेडोरा कौन्सिलच्या, म्हणजे प्रकल्पाचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, निवडणुकीला उभी राहा. इच्छा आहे, पण धाकधूकही तेवढीच आहे. इंग्रजी बोलताना अडखळते. निवेदनाचा मसुदा केलाय : ‘मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करेन, नवोदितांना आणि महिलांना प्रोत्साहन देईन, भारतीय भाषांचे प्रश्न सोडवेन.’ कॉलेजच्या ग्रुपवरचे तीस-चाळीस जण खातं उघडून मला मत द्यायला तयार आहेत. ते चालेल का? आठवड्याला किती वेळ जाईल? संध्याकाळी मुलाचा अभ्यास घ्यायचा असतो. आणि हरले तर हसं होईल का?

उत्तर :

नमस्कार. जरूर उभ्या राहा. अनुवाद आणि चाचण्या या दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं काम केलेली माणसं कौन्सिलवर फार कमी येतात आणि त्यांची तिथे गरज आहे. भारतातली मंडळी याआधी या जागांवर निवडून आलेली आहेत, त्यामुळे वाट अगदीच अनोळखी नाही. मात्र हा मसुदा घेऊन उभ्या राहू नका आणि त्या तीस-चाळीस जणांना आजच थांबवा. त्याचं कारण पुढे येईलच.

कौन्सिलच्या हातात काय असतं, तिथून सुरुवात करू. मसुद्यातली मोठी चूक तिथेच आहे. जुनं फेडोरा बोर्ड बरखास्त होऊन २०१४ साली ही कौन्सिल आली. तिच्यावर फेडोराच्या पाठीशी असलेल्या रेड हॅट या कंपनीने नेमलेला प्रकल्पप्रमुख असतो, तांत्रिक निर्णय घेणाऱ्या ‘फेस्को’ या समितीचा प्रतिनिधी असतो, प्रसार आणि संपर्काचं काम बघणाऱ्या माइंडशेअर समितीचा प्रतिनिधी असतो, नेमणुकीच्या आणखी काही जागा असतात आणि योगदान देणाऱ्या सगळ्यांनी मत देऊन निवडलेले दोन प्रतिनिधी असतात. तुम्ही या दोनांपैकी एका जागेसाठी उभ्या राहणार. मुदत एक वर्षाची.

या कौन्सिलकडे मुख्यतः चार गोष्टी येतात : फेडोराचं नाव आणि बोधचिन्ह कुणी कसं वापरायचं, पैसा कशावर खर्च करायचा, सगळ्या प्रकल्पाला लागू होणारी धोरणं आणि पुढच्या काही वर्षांची दिशा. अलीकडची उदाहरणं घ्या. केडीई या वेगळ्या डेस्कटॉपच्या फेडोराला वर्कस्टेशन या नेहमीच्या मुख्य फेडोराच्या बरोबरीचा दर्जा मिळाला आणि फेडोरा ४२ पासून ती मुख्य आवृत्त्यांत गणली जाऊ लागली; त्याला मंजुरी कौन्सिलची होती. प्रकल्पाचा सोर्स कोड पॅग्युअर या जुन्या कोड ठेवण्याच्या व्यवस्थेवरून फोर्जेयो या नव्या व्यवस्थेवर न्यायचा, हा २०२४ च्या अखेरचा निर्णयही कौन्सिलचा. एआयची मदत घेऊन केलेलं काम स्वीकारायचं का आणि कुठल्या अटींवर, याचं धोरण २०२५ मध्ये तिथेच मंजूर झालं.

आता तुमचा ‘भारतीय भाषांचे प्रश्न सोडवेन’ हा मुद्दा घ्या. जोडाक्षर तुटत असेल, तर तो बग (दोष) फाँटच्या किंवा मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीच्या मूळ प्रकल्पात जातो. आयबस या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली मराठी कळफलकाची मांडणी चुकत असेल, तर त्या पॅकेजच्या देखभालकर्त्याकडे. आधीपासून बसवलेला फाँटच बदलायचा असेल, तर बदलाचा रीतसर प्रस्ताव फेस्कोपुढे. अनुवाद अपुरा असेल, तर वेबलेट या अनुवादाच्या संकेतस्थळावर बसून तो पुरा करायचा. या चारही ठिकाणी कौन्सिल काहीही करू शकत नाही, कारण इथे कुणी कुणाला हुकूम सोडत नाही. पॅकेजर, म्हणजे एखादं सॉफ्टवेअर फेडोरासाठी बांधून सांभाळणारा माणूस, हा बहुतेक वेळा तुमच्यासारखाच स्वयंसेवक असतो. ‘अमुक दुरुस्ती आठवड्यात करा’ असा ठराव कौन्सिलने केला, तरी तो दुसऱ्या दिवशी पॅकेज सोडून देईल, एवढंच होईल. अनुभवी मतदाराला हे पक्कं माहीत असतं. कौन्सिलच्या हातात नसलेल्या गोष्टीचं आश्वासन दिसलं, की उमेदवाराला कौन्सिल कळलेली नाही हे तो पहिल्याच ओळीत ओळखतो.

म्हणून निवेदन लिहायच्या आधी एक काम निवडा. एकच. ते कौन्सिलच्या हातातलं असावं, वर्षभरात पुरं होण्यासारखं असावं आणि झालं की नाही हे तिसऱ्या माणसाला तपासता यावं. कौन्सिलच्या सनदेचीही निवडून आलेल्या प्रतिनिधीकडून हीच अपेक्षा आहे : सामान्य योगदानकर्त्यांचा आवाज पोचवायचा आणि निवडणुकीत मांडलेलं आपलं ठरावीक उद्दिष्ट घेऊन काम करायचं.

तुमच्या अनुभवातून निघू शकेल असं एक काम दाखवतो. नाशिक-कोल्हापूरकडच्या कॉलेजांत किंवा असंच नैरोबीला, ढाक्याला कुणी फेडोराचा छोटा कार्यक्रम करतं, तेव्हा रीत अशी असते की खर्च आधी आपल्या खिशातून करायचा, पावत्या जोडायच्या आणि मग परतफेडीची वाट बघायची. पगारदार माणसाला हे जमतं. विद्यार्थ्याला चहा-नाश्ता, बॅनर आणि स्टिकर यांचे पाच-सात हजार महिना-दीड महिना अडकवून ठेवणं जमत नाही. मग कार्यक्रमच होत नाही आणि न झालेल्या कार्यक्रमाची नोंद कुठेच नसते. हा प्रश्न पैशाचा आणि नियमाचा आहे, म्हणजे थेट कौन्सिल आणि माइंडशेअर यांच्या कक्षेतला. यावरून तुमचं निवेदन असं होऊ शकेल :

‘वर्षभरात मी एक काम करेन : पहिल्यांदाच छोटा कार्यक्रम करणाऱ्याला खिशातून पैसे घालावे लागू नयेत. पहिल्या तीन महिन्यांत आयोजकांशी बोलून, आणि ज्यांनी बेत सोडून दिला त्यांच्याशीही बोलून, पैसे नेमके कुठे अडकतात ते लिहून मांडेन. सहाव्या महिन्यापर्यंत माइंडशेअरबरोबर बसून आगाऊ रकमेचा प्रस्ताव कौन्सिलपुढे आणेन. तो मान्य झाला, तर उरलेल्या काळात वेगवेगळ्या देशांतल्या तीन कार्यक्रमांवर चालवून पाहीन आणि हिशेबासह अनुभव जाहीर करेन.’

तुमच्या मसुद्याशेजारी हे ठेवून वाचा. ‘प्रोत्साहन देईन’ याला तारीख नाही आणि ते झालं नाही तर कुणाला कळणारही नाही. दुसऱ्यात महिने आहेत, कुणाची मदत लागेल ते आहे आणि प्रस्ताव नामंजूर होऊ शकतो याची कबुलीही आहे. रक्कम मात्र लिहू नका. कौन्सिलचा बहुतांश पैसा रेड हॅटकडून येतो, तो दरवर्षी सारखा नसतो, आणि आत न जाता सांगितलेला आकडा पुढे गळ्यात येतो.

हेच काम घ्या असा आग्रह नाही. तुम्हाला दुसरं काही सलत असेल तर ते घ्या. पण आधी कौन्सिलच्या जुन्या टिकिटांत, म्हणजे एकेका विषयावर उघडलेल्या ऑनलाइन चर्चेच्या नोंदींत, शोधून बघा. तुमच्या विषयावर आधी कुणीतरी टिकीट उघडलेलं असण्याची शक्यता भरपूर. ते का बंद झालं, कुणी हरकत घेतली होती, हे वाचून त्याचा उल्लेख निवेदनात केलात, तर तुम्ही घरचा अभ्यास करून आला आहात हे वेगळं सांगावं लागणार नाही. आणखी एक धागा जोडता आला तर जोडा : २०२८ च्या अखेरपर्यंत दर आठवड्याला प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची संख्या दुप्पट करायची, हे फेडोराने स्वतःपुढे ठेवलेलं मुख्य लक्ष्य आहे. तुमचं काम त्या लक्ष्याला कसा हात लावतं, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

आता वेळापत्रक. फेडोराच्या दोन आवृत्त्या वर्षाला येतात, साधारण एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. फेडोरा ४१ आली २९ ऑक्टोबर २०२४ ला आणि फेडोरा ४२ आली १५ एप्रिल २०२५ ला. प्रत्येक आवृत्तीनंतर निवडणुकांचं चक्र सुरू होतं : आधी नामांकन, मग लेखी मुलाखती, मग मतदान. प्रत्येक टप्प्याला आठवडा-दोन आठवडे मिळतात. किती जागा भरायच्या आहेत आणि नेमक्या तारखा काय, हे त्या-त्या वेळी जाहीर होतं. मुदती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिलेल्या असतात. ‘अमुक दिवशी २३:५९ पर्यंत’ असं लिहिलं असेल, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:२९ झालेले असतात. म्हणजे हाताशी एक अख्खी रात्र जास्त मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

नामांकन स्वतःचं स्वतः करता येतं. कुणी सुचवलं तरी तुमची संमती लागतेच, तेव्हा सहकाऱ्यांची वाट न बघता स्वतःच भरा. त्यात खात्याचं नाव, संपर्क, उद्दिष्ट आणि आजवरच्या कामाचा सारांश एवढंच असतं. सारांशात ‘अनेक वर्षं सक्रिय’ असं मोघम न लिहिता कुठल्या आवृत्तीच्या चाचण्या केल्या, कुठले बग नोंदवले आणि त्यातले कुठले दुरुस्त झाले, अनुवादाच्या कुठल्या भागाची जबाबदारी घेतली, हे दुव्यांसह द्या. एक बारीक पण उपयोगी गोष्ट : फेडोराच्या खात्यावरचं नाव, मॅट्रिक्स या गप्पांच्या व्यवस्थेवरचं नाव आणि चर्चेच्या ठिकाणचं नाव एकच ठेवा. ‘हिनेच तो बग शोधला होता’ हे मतपत्रिकेवरच्या नावावरून लोकांच्या लक्षात यायला हवं. चाचणीवाल्यांचं काम तसंही नजरेआड राहतं. नावं तीन वेगळी असतील तर ते पुरतंच हरवतं.

मुलाखतीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न पाठवले जातात आणि उत्तरं मतदानाआधी प्रसिद्ध होतात. उत्तरं मुदतीत दिली नाहीत, तर नाव मतपत्रिकेवर येत नाही, असा शिरस्ता आहे. उमेदवार बाद होण्याचं यासारखं टाळता येण्याजोगं दुसरं कारण नाही. बहुतेक मतदार फक्त या मुलाखती वाचूनच ठरवतात, आणि त्याही वरवर. प्रत्येक उत्तर दीडशे ते अडीचशे शब्दांत ठेवा. पहिल्या वाक्यात उत्तर द्या, कारणं नंतर.

इंग्रजीची भीती इथेच सोडून देऊ. कौन्सिलचं ऐंशी टक्के काम लेखी चालतं, असं आम्ही बेधडक म्हणू, आणि मतदारांपैकी कितीतरी जणांची मातृभाषा झेक, पोलिश, पोर्तुगीज किंवा हिंदी असते. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक मुद्दा, अलंकार शून्य. मसुदा झाला की तुमच्या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या फेडोरावाल्याला वाचायला द्या आणि ‘मी निवडून आले तर काय करणार आहे?’ एवढंच विचारा. त्याला एका वाक्यात सांगता आलं नाही, तर पुन्हा लिहा. उत्तरं एआयकडून लिहून घेऊ नका. पाच उमेदवारांच्या उत्तरांत एक गुळगुळीत उत्तर लगेच उठून दिसतं, आणि जिथे तुमचा अडखळता का होईना पण स्वतःचा विचार हवा आहे, तिथेच ते तुम्हाला पुसून टाकतं.

मतदानाची पद्धत समजून घ्या, कारण प्रचार कसा करायचा ते तिच्यावर ठरतं. आपल्याकडे एक मत, एक बटण. फेडोरात तसं नाही. जितके उमेदवार, तितके गुण प्रत्येक उमेदवाराला देता येतात. चार उमेदवार असतील, तर मतदार प्रत्येकाला शून्य ते चार यांतले कितीही गुण देतो. दोघांना चार-चार दिले तरी चालतात. सगळ्यांच्या गुणांची बेरीज होते आणि जास्त बेरजेचा उमेदवार येतो.

समजा २०० जणांनी मत दिलं. एका उमेदवाराच्या मागे ८० कट्टर समर्थक आहेत. ते चार-चार देतात आणि उरलेले १२० जण त्याला शून्य देतात. बेरीज ३२०. दुसऱ्या उमेदवारावर कुणी जीव ओवाळून टाकत नाही, पण ‘बाई विचार करून बोलते’ असं वाटून २०० जण तिला दोन-दोन गुण देतात. बेरीज ४००. ती जिंकली. या पद्धतीत आपला गट पेटवून काही मिळत नाही. अनोळखी माणसाने तुम्हाला शून्याऐवजी दोन द्यावेत, याला किंमत आहे. आणि तो शून्य देतो ते बहुतेक वेळा रागाने नाही, तर नाव कधी वाचलेलंच नसतं म्हणून. फेडोराचं मतदान शेकड्यांत मोजावं एवढंच असतं. अशा मतदानात पन्नास अनोळखी लोकांनी दिलेले दोन-दोन गुण निकाल फिरवू शकतात.

त्यामुळे प्रचार म्हणजे पोस्टर नव्हे. नामांकनाच्या दोन-तीन महिने आधीपासून आपल्या गल्लीबाहेर दिसा. पॅकेजिंगवाल्यांच्या चर्चेत एखादा नेमका प्रश्न विचारा. दुसऱ्या भाषेच्या अनुवाद गटाला अडचण आली तर मदत करा. कौन्सिलच्या खुल्या टिकिटांवर मत मांडा, त्यासाठी सदस्य असावं लागत नाही. आशियातल्या वेळेला जुळेल असा एखादा टेस्ट डे, म्हणजे सगळ्यांनी मिळून चाचण्या करायचा दिवस, पुढाकार घेऊन भरवा. त्याला तर कुणाच्या परवानगीचीही फारशी गरज नाही आणि तो तुमच्या हातचा मळ आहे. मतदान सुरू झाल्यावर आपापल्या ठिकाणी एकदाच सांगा, की मी उभी आहे, मुलाखत इथे आहे, मतदान अमुक तारखेपर्यंत आहे. इतर उमेदवारांबद्दल वावगं काही लिहू नका. पुढे त्यांच्याचबरोबर बसून काम करायचं असतं, शिवाय त्यांचे समर्थक तुम्हाला किती गुण देतात हेही तुमच्या बेरजेत धरलं जातं.

आता कॉलेजच्या ग्रुपबद्दल. नुसतं खातं उघडून कौन्सिलसाठी मत देता येत नाही. योगदानकर्त्याचा करार मान्य केलेला असावा लागतो आणि त्याखेरीज किमान एका कामाच्या गटाचं सदस्यत्व लागतं. ते सदस्यत्व गटातला जबाबदार माणूस देतो. मतदानाच्या तोंडावर पुण्यातून तीस-चाळीस नवी खाती उघडली गेली आणि एकाच गटात शिरली, तर ते दिसल्याशिवाय राहत नाही. ज्यांनी विश्वासाने सदस्यत्व दिलं, ते अडचणीत येतील. ‘पुणेकर गठ्ठ्याने मतं घालतात’ असा शिक्का तुमच्यानंतर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकावर बसेल. पुण्यात रेड हॅटचं मोठं कार्यालय आहे, २०११ साली सीओईपीत आणि २०१५ साली एमआयटीत फडकॉन या फेडोराच्या परिषदा झाल्या, देवनागरीचे लोहित फाँट इथल्याच मंडळींनी घडवले आणि सांभाळले. या गावाचं नाव फेडोरात कामामुळे झालेलं आहे. ते गठ्ठा मतांवर उधळायचं नाही.

एक रास्त गोष्ट मात्र जरूर करा. मराठी अनुवादात खरोखर काम केलेल्या कितीतरी जणांनी करार किंवा गटाची नोंद अर्धवट ठेवलेली असते आणि मतदानाच्या दिवशी पान उघडल्यावर त्यांना कळतं, की आपल्याला मत नाही. त्यांना दोन महिने आधी आठवण करा. नोंद पुरी करून घ्या म्हणावं, मत कुणालाही द्या. कॉलेजच्या मंडळींना खरंच रस असेल, तर त्यांना वेबलेटवर बसवा. सहा महिने काम केलं की पुढच्या चक्रात ती हक्काने मत देतील.

वेळेचं म्हणाल, तर आठवड्याला तीन-चार तास धरा. निवडून आल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांत आणखी थोडे. बैठकीपेक्षा जास्त वेळ टिकिटं वाचण्यात जातो. एका वादग्रस्त विषयावर शे-दीडशे प्रतिसाद साचतात, ते वाचल्याशिवाय मत देणं हा लोकांचा विश्वासघात आहे. संध्याकाळचा प्रश्न खरा आहे. बैठक न्यूयॉर्कच्या सकाळी दहाला ठरलेली असेल, तर ती आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला आणि त्यांची घड्याळं नोव्हेंबरमध्ये मागे गेल्यावर साडेआठला येते. म्हणजे एकदा अभ्यासाच्या वेळेत आणि एकदा जेवणाच्या. निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात आपली अडचण सांगा. वेळ नव्या सदस्यांच्या सोयीने ठरवली जाते आणि गप्प बसलेल्याची सोय कुणी बघत नाही. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी विषयपत्रिकेवर आपलं मत आधीच लिहून ठेवा. घरातही वर्षभरासाठी तो एक तास कोण सांभाळणार, हे उमेदवारी भरण्यापूर्वीच ठरवून घ्या.

नोकरीच्या ठिकाणी लेखी विचारा. बाहेरचं काम आणि मुक्त सॉफ्टवेअरमधलं योगदान यांवर नेमणूकपत्रात कलमं असतात. आजवर अनुवाद खपून गेला असेल, पण कौन्सिलची जागा जाहीर असते, नावानिशी असते आणि तिथे धोरणावर मत द्यावं लागतं. एचआरला दोन परिच्छेदांचं ईमेल करा : जागा बिनपगारी आहे, मुदत एक वर्ष, काम कार्यालयीन वेळेबाहेर, कंपनीच्या वतीने बोलणार नाही. उत्तर यायला पंधरा-वीस दिवस लागतात, म्हणून आवृत्ती येण्याच्या सुमारासच पाठवून द्या. नामांकनात आपली कंपनी कुठली हे मोकळेपणी लिहा. रेड हॅटचे कर्मचारीही या जागांसाठी उभे राहतात आणि निवडून येतात. मतदाराला माहिती लपवलेली खटकते, नोकरी नाही.

निवडून आल्यावर सगळ्यात आधी शिकायची गोष्ट म्हणजे −१ कसा वापरायचा. कौन्सिलचे बरेच निर्णय मूकसंमतीने होतात : प्रस्ताव मांडायचा, तीन ते सात दिवस किंवा विषयानुसार जास्त मुदत द्यायची, रास्त हरकत आली नाही तर मंजूर. महत्त्वाच्या विषयांवर सदस्य +१, ० किंवा −१ देतात. −१ म्हणजे ‘मला आवडलं नाही’ असं नव्हे. प्रस्ताव तिथे थांबतो, आणि हरकत घेणाऱ्याने कारण द्यायचं, काय बदललं तर चालेल ते सांगायचं, आणि मग प्रस्ताव मांडणाऱ्याबरोबर बसून वाट काढायची. नवे सदस्य दोन चुका करतात. काही जण भिडेपोटी सगळ्याला +१ देतात आणि सहा महिन्यांनी लोक विचारतात, आमचा प्रतिनिधी तिथे काय करत होता? काही जण उठसूट −१ देतात आणि मग त्यांच्याशी आधी बोलणंच बंद होतं. विषय कळला नसेल तर ० द्या आणि प्रश्न विचारा. चाचणी करणाऱ्या माणसाला नेमका प्रश्न विचारता येतो. तुमची ही ताकद तिथे फार उपयोगी पडेल.

आणि पासपोर्ट बघून ठेवा. कौन्सिल अधूनमधून प्रत्यक्ष भेटते, आणि फ्लॉक ही वार्षिक परिषद २०२३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कला, २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला आणि २०२५ मध्ये प्रागला झाली. तीन वर्षांत तीन वेगळ्या व्हिसांचं प्रकरण. प्रवासखर्च प्रकल्पाकडून मिळू शकतो, पण व्हिसा आपला आपण काढायचा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा नेम नसतो. निमंत्रणपत्र तारखा जाहीर झाल्या त्याच आठवड्यात मागून घ्या. युरोपातल्या सदस्यांना या खटाटोपाची कल्पना नसते, त्यामुळे तुम्ही आठवण केल्याशिवाय ते निघत नाही.

हरलात तर? निकालात प्रत्येकाची बेरीज जाहीर होते, हे खरं. पण जिंकलेल्याच्या बेरजेशी आपली तुलना करून बघा : साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत पोचला असाल, तर लोकांनी तुम्हाला नाकारलेलं नाही, पुरतं ओळखलेलं नाही. इथे हरलेल्याला कुणी हसत नाही. उमेदवार पुरेसे मिळाले नाहीत म्हणून नामांकनाची मुदत वाढवावी लागल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा उभा राहणारा प्रत्येक जण हवाच असतो. निकालानंतर आठवड्याभरात तुमच्या त्या एका कामाचं टिकीट स्वतःच उघडा आणि निवडून आलेल्याला त्यात नाव घेऊन बोलवा. आगाऊ रकमेचा प्रस्ताव मांडायला कौन्सिलची जागा लागत नाही. माइंडशेअरबरोबर ते काम बाहेरून सुरू करता येतं. सहा महिन्यांनी पुढचं चक्र येईल. तोवर ते टिकीट कुठपर्यंत गेलं, हेच तुमच्या नव्या निवेदनातलं पहिलं वाक्य असू द्या.